उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मी का रद्द केलं

"आजी, गुडघे संपले तुमचे," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता आणि बोलणं त्या एक्स-रेशीच चाललं होतं.

डॉक्टर पन्नाशीच्या पुढचे. मी सदुसष्ट वर्षांची. मी त्यांची आजी कोणत्या नात्याने झाले, ते त्यांनी सांगितलं नाही.

आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यात हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजणे. उपाय त्यांनी लगेच सांगितला: टोटल नी रिप्लेसमेंट. म्हणजे झिजलेला सांधा कापून काढायचा आणि तिथे धातूचा आणि प्लास्टिकचा बसवायचा. आधी उजवा, मग सवडीने डावा. "आणि ती सायकल कुणाला तरी देऊन टाका," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

सायकल कसली आहे, किती चालवता, दुखतं नेमकं कुठे, यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. सगळं मिळून चार मिनिटं. पस्तीस मिनिटांचा तास आयुष्यभर घेतलेल्या बाईचं लक्ष घड्याळाकडे जातंच.

चिन्मय, सई, हे मी मराठीत लिहिते आहे आणि तुम्ही ते स्वतः वाचायचं आहे. बाबाकडून वाचून घेऊ नका, तो मधले परिच्छेद गाळेल. तुम्ही परदेशात, तरी दर रविवारी व्हिडिओवर तुम्हाला जोडाक्षरं शिकवली ती उगीच नाही. चिन्मय, मागच्या महिन्यात तू सहज बोलून गेलास की लांब सायकल मारली की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. म्हणून बसले लिहायला. तू बाविशीचा असल्यामुळे तुझे गुडघे संपले असं कुणी म्हणणार नाही. पण चूक तीच असू शकते.

माझं दुखणं सुरू झालं जूनमध्ये. मी रोज सकाळी पेणहून धरमतरच्या पुलापर्यंत जाऊन येते, हे तुम्हाला माहीत आहे. रस्ता सपाट आहे, पण खाडीवरून वारा समोरून येतो आणि जोर लावावा लागतो. आधी फक्त परतताना दुखायचं. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, कुणी सुई टोचावी तसं. मग वाटीच्या पुढे. मग पोटरी. गणपती जवळ आले तेव्हा हमरापूरहून मूर्तींचे टेम्पो सुटायला लागले, रस्त्यावर गर्दी झाली, म्हणून मी दहा-बारा दिवस सायकल बंद ठेवली. दुखणं गेलं. गणपती गेल्यावर पुन्हा सुरू केली, दुखणं परत आलं.

हे मी एका कागदावर तारीखवार लिहून डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तो कागद एक्स-रेच्या पाकिटाखाली ठेवला. येताना मी तो परत घेतला.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. चिन्मय, तुझं पार्सल आलं होतं.

सायकलचे बूट, पेडल आणि क्लीट. क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला स्क्रूने बसवायचा प्लास्टिकचा तुकडा. तो पेडलमध्ये खटकन अडकतो आणि पाय पेडलला जोडला जातो. सोडवायचा असेल तर टाच बाहेर फिरवायची. तू म्हणालास, "आजी, हे लाव, ताकद वाया जात नाही." तू तुझ्या शर्यतीतले जुने क्लीट पाठवले होतेस. ते कोणत्या जातीचे आहेत, हे ना तू सांगितलंस, ना मी विचारलं. ते पुढे येईलच.

डॉक्टरांकडून घरी आले तोपर्यंत तुमच्या बाबाला सगळं कळलं होतं. डॉक्टरांचा नंबर त्याच्याकडे होता, त्यांनी त्याच्याशी चांगलं वीस मिनिटं बोलून घेतलं. मला चार, त्याला वीस. गुडघा माझा.

"आई, मी डिसेंबरची तारीख घेतलीय," तो व्हिडिओवर म्हणाला. "मुलांना सुट्टी आहे. आम्ही चौघंही येतो. तीन आठवडे राहतो."

"मला विचारलंस?"

"आता विचारतोच आहे ना."

तुम्ही दोघं आणि तुमची आई त्याच्या मागे उभे राहून हात हलवत होतात. चार वर्षांनी तुम्ही येणार होतात. मी हो म्हटलं. गुडघ्याला हो म्हटलं की तुम्हाला, हे त्या वेळी मी स्वतःलाही विचारलं नाही.

मग वाट बघण्याचे दिवस आले. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, साखर, लघवी. प्रत्येक ठिकाणी प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, आणि काउंटरवरची मुलगी नाव मोठ्याने वाचणार. शेजारी बसलेल्या बायकांनी माझ्या गुडघ्याकडे बघून आपापले गुडघे सांगितले. "मी सायकल चालवते" म्हटल्यावर एकजण म्हणाली, "मग काय होणार दुसरं!" तपासणी सगळ्यांची झाली, माझा निकाल मात्र तिथेच लागला. सायकल मागच्या पडवीत होती. तिच्यावर मी जुनी चादर टाकली, कारण तिच्याकडे बघितलं की चिडचिड व्हायची.

घरात सुगंधाशी भांडणं वाढली. सुगंधा आपल्याकडे कामाला येते, गागोद्याच्या बाजूच्या वाडीवरून. वर्षानुवर्षं येते आहे. तिला तुम्ही लहानपणी बघितलं आहे. मी घरात बसून असले की तिच्या कामात मी चुका काढते आणि माझ्या बसण्यात ती.

एका सकाळी तिने लादी पुसली आणि मी लगेच त्यावरून चष्मा आणायला गेले.

"बाई! वली हाय ना लादी. पाच मिनटं दम नाय धरवत?"

"चष्मा हवा होता."

"मग मला सांगायचा. आता पुन्ना पुसा. आन बरं, पावलं पन कशी? एक सरळ, आन एक चाललाय आंब्याकडं." आंबा आपल्या अंगणात, उजव्या हाताला आहे. "रोज तेच. घरात दहा मानसं चालली तरी तुमची पावलं मी वळकीन."

मी तिला सुनवायला तोंड उघडलं आणि खाली बघितलं. पडवीच्या दारापासून टेबलापर्यंत माझी ओली पावलं उमटली होती. डावं पाऊल नाकासमोर. उजवं चांगलं बाहेर वळलेलं, प्रत्येक पाऊल तसंच.

मी आठ वर्षांची असताना उजवी नडगी मोडली होती. आमच्या गावी हाडं बसवणारे एक म्हातारे होते, त्यांनी बांबूच्या कामट्या बांधून ती बसवली. हाड जुळलं, पण थोडं फिरून जुळलं. पुढे मी शाळेत लागले तेव्हा प्रार्थनेला मुलांसमोर पाय जुळवून उभी राहायचे. मुलांना सांगायचे, पाय सरळ. माझाही सरळ ठेवायचे, नेटाने. इतकी वर्षं केल्यावर मी विसरूनच गेले की तो सरळ नाही.

मी तशीच बूट आणायला गेले. सुगंधा मागून ओरडली, "परत चाललीस गो तू त्याच्यावरनं!" रागाच्या भरात ती मला एकेरीत बोलते, ते मी ऐकलं नाही असं करते.

बूट उलटे करून टेबलावर ठेवले. दोन्ही क्लीट अगदी समोर. चिन्मय, तू व्हिडिओवर म्हणाला होतास, "आजी, अंदाजे लाव, मग चालवून बघ." अंदाजे लावणं माझ्याच्याने होत नाही. मी गुण्या, पेन्सिल आणि फूटपट्टी घेतली होती, तळव्यावर मधोमध रेघ मारली होती आणि दोन्ही बूट एकमेकांचे जुळे दिसेपर्यंत स्क्रू आवळले होते. पूर्ण दुपार घालवली होती. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

वाकड्या पायाला मी सरळ पेडलला बांधलं होतं आणि तो पाय जून ते सप्टेंबर हजारो वेळा गोल फिरवला होता.

रोह्याला एक फिजिओथेरपिस्ट आहे. तिशीची मुलगी, स्वतः सायकल चालवते. शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीने तिचं नाव सांगितलं. नागोठण्यावरून रोह्याला जाणाऱ्या टेम्पोत सायकल घातली आणि मी एसटीने गेले. तिच्या दवाखान्यात नदीकडच्या खिडकीशी सायकल जागच्या जागी चालवायचा एक स्टँड होता. ती मला काकू म्हणाली. तेवढ्यानेही बरं वाटलं.

ती गोड बोलणारी नाही. फाइल बघून आधी म्हणाली, "ऑपरेशन सांगितलेल्या माणसाला मी हात लावत नाही. आधी दुसऱ्या सर्जनला दाखवा, मग या." मी पनवेलला गेले. तिथल्या सर्जनने मला चालायला लावलं, उभं केलं, गुडघा वाकवला, दाबला आणि माझा तारीखवार कागद शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "झीज आहे, पण या वयाला दिसते तेवढीच. जिथे दुखतंय ते झिजेचं दुखणं वाटत नाही. तीन महिने फिजिओ करा. ऑपरेशन कुठे पळून जात नाही." बाहेर येऊन मी एका बाकावर बसून राहिले. आनंद वगैरे झाला नाही. पेणच्या त्या चार मिनिटांचा राग नव्याने आला.

पुन्हा रोहा. तिने सायकल स्टँडवर चढवली, मला त्यावर बसवलं आणि चालवायला सांगितली. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, मोबाइलवर चित्र घेतलं. मग बूट हातात घेतला.

"हे कुणी बसवलं?"

"मी."

"मोजून?"

"फूटपट्टीने."

"दिसतंय. काम अगदी अचूक आहे," ती म्हणाली. "फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी पायांसाठी आहे."

मी तिला विद्यार्थिनी समजून काहीतरी बोलणार होते, पण पुरावा तिच्या हातात होता.

तिने जे सांगितलं ते नीट वाचा. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत एक जाड पट्टा येतो, आयटी बँड. पाऊल त्याच्या सवयीपेक्षा आत वळवून बांधलं की नडगी आत पिळते आणि तो पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर घासतो. माझी सुई ती. यावर उपाय म्हणून क्लीट असा फिरवायचा की पाऊल चालताना जसं पडतं तसंच पेडलवर पडेल. दोन पाय दोन कोनांत असतील तर असू द्यायचे.

दुसरं, फ्लोट. अडकलेल्या पावलाला डावी-उजवीकडे जी थोडी मोकळीक मिळते ती. काही क्लीटमध्ये ती असते, काहींत अजिबात नसते. चिन्मय, तुझे अजिबात नसलेले होते. शर्यतवाल्यांना ते चालतात म्हणे. सदुसष्ट वर्षांच्या आजीला पाठवताना ते कोणत्या जातीचे आहेत हे बघायला हवं होतंस. आणि तू स्वतः अजून तसलेच वापरत असशील, तर तुझ्या गुडघ्याचं उत्तर तुझ्या बुटाखाली आहे.

तिसरं, क्लीट पुढे-मागे कुठे आहे. माझे बोटांच्या खाली गेले होते, म्हणून पोटरी ताणत होती. अंगठ्याच्या मागे तळव्याला जो उंचवटा असतो, त्याच्या खाली किंवा किंचित मागे हवा.

चौथी होती सीट, आणि तिथे मी एकटी दोषी नव्हते. सायकल घेतली तेव्हा दुकानात माझाच जुना विद्यार्थी होता, दिनेश. त्याने सीट खाली, खाली, आणखी खाली आणली. "बाई, बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पायजेत. तुम्ही पडलात तर अख्खा पेण मला शिव्या घालेल." आमच्याकडे बाईमाणसाची सायकल सगळे अशीच लावतात. काळजीने लावतात आणि गुडघे मोडतात. सीट खाली असली की गुडघा फार वाकतो आणि वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. घरच्या घरी बघायचं असेल तर पेडल सगळ्यांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेवढाच हवा.

तिने गुडघ्यावरून गवंड्याचा असतो तसा ओळंबा सोडून सीट पुढे-मागेही बघितली. सीट चांगली चार बोटं वर गेली. वर बसून खाली बघितलं तर जमीन लांब होती.

"थांबताना पाय कसा टेकू?"

"सीटवरून पुढे उतरायचं. सगळं जग तसंच उतरतं."

"पडले तर?"

"पडाल. म्हणून पहिले दोन आठवडे साधी पेडलं, आणि मैदानात."

पडले. शाळेच्या मैदानात, संध्याकाळी, खो-खोच्या सरावाला आलेल्या मुलींसमोर. त्यांच्यातली एक धावत येऊन म्हणाली, "आजी, लागलं का?" मी तिला सांगितलं, सराव सोडून यायचं नाही. कोपर सोलवटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पडले नाही.

सोबत रोज व्यायाम. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, पायरीवर एक पाय ठेवून हळू उतरायचं. कंटाळवाणे आहेत, आणि औषध तेच आहे. नवे क्लीट मोकळीक असलेले घेतले. ते तिने बसवले, मला पेन्सिलीलाही हात लावू दिला नाही. उजवा आंब्याकडे वळलेला. माझ्या डोळ्यांना तो अजून बघवत नाही.

सहाव्या आठवड्यात धरमतरच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. दुखलं नाही. परतीच्या अर्ध्या रस्त्यात मी मुद्दाम दुखणं शोधत होते, सापडलं नाही. जिना उतरताना अजून गुडघा बोलतो, ती झीज आहे आणि ती राहणार. रोह्याची मुलगी म्हणाली, "कधीतरी ऑपरेशन लागेलही. लागेल तेव्हा करा." मला ते मान्य आहे. लागेल तेव्हा.

मग मी तुमच्या बाबाला फोन केला. पनवेलच्या सर्जनचं सांगितलं, रोह्याचं सांगितलं, पूल सांगितला.

"आई, तू डॉक्टर नाहीस."

"तूही नाहीस. आणि जे आहेत त्यांचंच सांगते आहे."

"तारीख मिळालीय. रजा टाकलीय. तिकिटं बघून ठेवलीत."

"तारीख सोड. तुम्ही या."

तो म्हणाला, "ऑपरेशनच नसेल तर आम्ही एवढं येऊन काय करायचं, आई?"

तो हे वाईट मनाने बोलला नाही, हे मला कळतं. त्याची रजा आजारपणासाठी होती. तिकडे तशी मागावी लागते. मी एवढंच म्हटलं, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ऑपरेशनच्या यादीतून माझं नाव काढलं. तिथेही मला आजीच म्हणाले.

डिसेंबरमध्ये तुम्ही का आला नाहीत, ते हे. आजीने हट्ट केला, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. हट्ट केला हे खरं आहे. तुम्ही आला असतात तर मी पलंगावर असते, पायाला पट्ट्या, आणि तुम्ही दारात उभे राहून हळू आवाजात बोलला असतात. तरीही तुम्ही आला असतात. ते मला हवं होतं, आणि ते सोडून मी गुडघा ठेवला. कोणत्याच आजीवर असं निवडायची वेळ येऊ नये, आणि माझ्यावर आली याचा राग गेलेला नाही, जाणारही नाही.

आभार मानायचे तर सुगंधाचे मानते. तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता तरी वल्या लादीवरनं नका चालू." रोह्याच्या मुलीचे मानते, तिने माझी कीव केली नाही म्हणून. तुमच्याजवळच्या कुणाला गुडघे संपले म्हणून सांगितलं, तर आधी त्याला ओल्या पायांनी चालायला लावा आणि खाली बघा. आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख घेऊ देऊ नका, मुलाने घेतली असली तरी.

चिन्मय, क्लीट बदल. सई, तू सीट वर घे, फोटोत मला दिसते आहे.

आणि दोघं मिळून एक करा. धडधाकट आजीला भेटायला तिकडे रजा मिळते का, ते विचारून मला कळवा.